चालू खाते दुसऱ्या बँकेत नेताना

व्यापाऱ्याच्या चालू खात्याचा क्रमांक त्याच्या स्वतःच्या वहीपेक्षा इतरांच्या दप्तरांत अधिक ठिकाणी नोंदलेला असतो. जुनी हुबळीतल्या एखाद्या घाऊक किराणा-मसाल्याच्या दुकानाचे उदाहरण घ्यावे. सांगलीचा हळदीचा अडत्या, कोल्हापूरचा गुळाचा व्यापारी, ब्याडगीचा मिरचीवाला, माल नेणारे कुंदगोळ-कलघटगीचे लहान दुकानदार, जीएसटीचे पोर्टल, विमा कंपनी, गल्ल्यावर चिकटवलेला क्यूआर कोड, अशा सगळ्या ठिकाणी तो क्रमांक असतो. नवे खाते उघडायला थोडे दिवस पुरतात, पण या सगळ्या नोंदी बदलायला एक हंगाम जातो. खाते हलवताना बहुतेक नुकसान होते ते या दोन वेगांतला फरक न ओळखल्यामुळे.

ब्रिटनमध्ये सप्टेंबर 2013 पासून यासाठी राष्ट्रीय व्यवस्था आहे. ग्राहकाने नव्या बँकेला सांगितले की कामाच्या सात दिवसांत शिल्लक आणि ठरलेली देणी नव्या खात्यावर येतात आणि जुन्या क्रमांकावर आलेले पैसेही आपोआप तिकडे वळतात. भारतात मोबाइल क्रमांकासारखी खाते क्रमांकाचीही पोर्टेबिलिटी असावी, असे रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर एस. एस. मुंद्रा यांनी 2017 मध्ये सुचवले होते. पण तशी सोय अजून व्यापाऱ्याच्या हाती आलेली नाही. नोंदी बदलून घेण्याचे सगळे ओझे खातेदारावरच पडते, आणि लहान दुकानदारावर ते अन्यायाने जड होते.

बँक आपण बदलली नाही तरी बदल दारात येतो, हे हुबळी-धारवाडच्या भागाने चांगलेच पाहिले आहे. स्टेट बँक ऑफ म्हैसूर 1 एप्रिल 2017 रोजी स्टेट बँकेत गेली, विजया बँक 1 एप्रिल 2019 रोजी बँक ऑफ बडोदात. 1 एप्रिल 2020 रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत विलीन झाली. धारवाडला मुख्यालय असलेली कर्नाटक विकास ग्रामीण बँक 1 मे 2025 पासून बळ्ळारीत मुख्यालय असलेल्या नव्या कर्नाटक ग्रामीण बँकेचा भाग झाली. यांतले सिंडिकेटचे उदाहरण फार शिकवणारे आहे. विलीनीकरणानंतर सव्वा वर्ष ‘एसवायएनबी’ने सुरू होणारे आयएफएससी कोड चालत राहिले आणि 1 जुलै 2021 पासून बंद झाले. सरकारी बँकांच्या एवढ्या मोठ्या यंत्रणेलाही जुने आणि नवे पंधरा महिने शेजारी-शेजारी चालवावे लागले. एकट्या दुकानदाराने हे काम आठवड्यात उरकण्याची घाई करू नये.

ज्या दुकानाच्या अनुभवावर ही माहिती आधारली आहे, ते जुनी हुबळीच्या इंडी पंप भागातले. रोख भरण्याच्या शुल्काला आणि शाखेतल्या खोळंब्याला कंटाळून मालकांनी दुसऱ्या बँकेत जायचे ठरवले. त्यांचा सगळा व्यवहार कॅश क्रेडिट खात्यातून चाले. नव्या बँकेने ते कर्ज ‘टेकओव्हर’ केले, जुन्या बँकेचे येणे फेडले आणि त्याच दिवशी जुने खाते बंद झाले. टेकओव्हरच्या रीतीप्रमाणे हे बरोबरच होते. पण कॅश क्रेडिटचे खाते हेच रोजच्या उलाढालीचे खाते असल्याने कर्जाबरोबर दुकानाचा पत्ताच पुसला गेला. गावोगावच्या दुकानदारांनी पाठवलेले एनईएफटी परत जाऊ लागले. गल्ल्यावरचा क्यूआर जुन्या बँकेचा, तोही अडला. आणि ब्याडगीला आधीच दिलेला एक चेक ‘खाते बंद’ असा शेरा घेऊन परतला. रक्कम त्याच दिवशी आरटीजीएसने पाठवून चेक परत घेतला गेला, म्हणून गोष्ट नोटिशीपर्यंत गेली नाही. मात्र उधारीवर माल देणाऱ्या माणसाच्या मनात जी शंका आली, ती जायला पुढचे कित्येक व्यवहार लागले.

त्यामुळे कर्ज असलेल्याने खाते हलवण्याआधी दोन्ही बँकांशी एक गोष्ट लेखी ठरवावी: कर्ज नव्या बँकेकडे गेल्यावरही जुन्या बँकेत वसुलीपुरते साधे चालू खाते काही महिने राहू द्यावे. याला रिझर्व्ह बँकेच्या नियमांची चौकट आहे. 6 ऑगस्ट 2020 च्या परिपत्रकाने कॅश क्रेडिट किंवा ओव्हरड्राफ्ट घेतलेल्यांच्या चालू खात्यांवर कडक मर्यादा घातल्या. 29 ऑक्टोबर 2021 च्या सुधारणेने, सर्व बँकांचे मिळून 5 कोटी रुपयांपेक्षा कमी कर्ज असणाऱ्यांना हमीपत्रावर मोकळीक दिली. पुढेही या अटी बदलत आल्या आहेत, म्हणून आज लागू असलेली अट शाखेकडून लिहून घ्यावी. मुदतीआधी कर्ज फेडल्याचे शुल्क लागेल का, हेही मंजुरीपत्रात पाहावे. कॅश क्रेडिटचे नूतनीकरण जवळ आले असेल तर ती तारीख गाठूनच हलणे स्वस्त पडते, कारण नूतनीकरण नको असे वेळेत कळवून ठरल्या दिवशी खाते फेडणाऱ्याला शुल्काचा प्रश्न सहसा येत नाही. घर किंवा गोदाम तारण असेल तर मूळ दस्त आणि ना-हरकत दाखला केव्हा मिळेल, तेही आधीच ठरलेले बरे.

नवे खाते उघडताना एकमालकी दुकानाला मालकाच्या ओळखपत्रांशिवाय व्यवसायाच्या नावाचे साधारण दोन पुरावे लागतात. उद्यम नोंदणी, जीएसटीचा दाखला, दुकान परवाना, दुकानाच्या नावाचे वीजबिल यांतले कोणतेही चालतात. भागीदारीत भागीदारीपत्र आणि संस्थेचे पॅन लागते. जुनी हुबळीत खरी अडचण नावांची येते. 1 नोव्हेंबर 2014 रोजी शहराचे अधिकृत नाव हुबळ्ळी झाले. त्यामुळे एका कागदावर जुने स्पेलिंग, दुसऱ्यावर नवे. मराठी घरांत तर आणखी गुंता असतो. शाळेच्या दाखल्यावर कानडी रीतीने आद्याक्षरे, पॅनवर वडिलांच्या नावासह पूर्ण नाव आणि आडनाव, आधारवर तिसरेच काही. बँकेचा कारकून अडवतो तो इथे. आधार आणि पॅनवरची नावे आधी जुळवून घ्यावीत आणि मगच अर्ज द्यावा. पुढे आयकराचा परतावा अडतो तोही याच कारणाने.

वेळही नीट निवडावी. ब्याडगीच्या मिरचीची मोठी आवक जानेवारी ते मार्चमध्ये असते आणि त्याच तोंडावर वर्षअखेरही येते. मसाल्याच्या व्यापाऱ्याने त्या काळात खात्याला हातही लावू नये. नव्या आर्थिक वर्षात, धंदा मंदावला की काम सुरू करावे. दोन्ही खाती चालू असताना एकातून दुसऱ्यात नेलेली रक्कम हिशेबात ‘कॉन्ट्रा’ म्हणूनच टाकावी, नाहीतर कर सल्लागाराकडे ती विक्री म्हणून गणली जाण्याचा धोका राहतो.

देणी हलवणे त्यातल्या त्यात सोपे असते. जुन्या खात्याचा मागच्या पूर्ण वर्षाचा उतारा काढून ओळीने वाचला की कुठले ऑटो-डेबिट चालू आहे ते दिसते. महिन्याचे हप्ते लगेच नजरेत भरतात. वर्षातून एकदा जाणारा दुकानाचा विमा मात्र हमखास सुटतो, आणि हप्ता अडून पॉलिसी खंडित झाल्याचे कळते ते आग किंवा चोरी झाल्यावर. ऑटो-डेबिटचे प्रत्येक मँडेट, म्हणजे बँकेला दिलेली लेखी संमती, नव्या खात्यावर नव्याने सही करून द्यावे लागते.

चेकच्या बाबतीत कसलीही ढिलाई परवडत नाही. दिलेला चेक त्यावरील तारखेपासून तीन महिने चालतो. खाते बंद असल्याने परतलेला चेकही परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 खाली येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये स्पष्ट केले आहे. घेणेकऱ्याने 30 दिवसांत नोटीस दिली आणि ती मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे दिले गेले नाहीत, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. पुढच्या तारखेचे चेक माणूस पाठवून परत आणावेत आणि त्याच भेटीत नव्या बँकेचे चेक द्यावेत. नुसता फोन पुरत नाही.

येणी हलवायला वेळ लागतो, कारण तिथे बदल दुसऱ्याच्या फोनमध्ये करायचा असतो. कलघटगीच्या दुकानदाराच्या बँक ॲपमध्ये जुने खाते एकदा साठवले गेले की तो दरवेळी तेच नाव दाबतो. बिलाच्या तळाशी नवा क्रमांक छापला तरी तो तिकडे बघत नाही. त्याच्या दुकानात बसून, त्याच्याकडूनच नवे खाते जोडून आणि जुने पुसून घेणे हाच खात्रीचा उपाय ठरला. दूरच्यांना दुकानाच्या शिक्क्याचे सही केलेले पत्र आणि रद्द केलेला चेक पाठवावा, आणि सोबत ओळखीच्या आवाजात फोनही करावा. ‘आमचे खाते बदलले आहे’ असे खोटे निरोप पाठवून पैसे लुबाडणारे आता पुष्कळ आहेत. सावध ग्राहक अशा निरोपावर विश्वास ठेवत नाही, आणि त्याचे बरोबरच असते. जुना क्यूआर काढून नवा लावताना गल्ल्यावरच्या, गोदामातल्या आणि टेम्पोवाल्याकडच्या, सगळ्या प्रती उचलाव्यात.

सरकारी नोंदी त्या मानाने लवकर होतात. जीएसटी पोर्टलवर बँक खाते बदलायला अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही. आयकराच्या पोर्टलवर नवे खाते पडताळून परताव्यासाठी निवडावे. निर्यात करणाऱ्याला मात्र कस्टम्सकडे नव्या शाखेचा एडी (ऑथराइज्ड डीलर) कोड नोंदवावा लागतो आणि त्याआधी जुने खाते बंद करणे म्हणजे बंदरावर माल अडकवणे.

जुन्या खात्यात सलग काही आठवडे ना कुणाचे पैसे आले ना कुठले डेबिट गेले, एकही चेक बाहेर उरला नाही, अशी स्थिती आली की बंद करण्याचा अर्ज द्यावा. नुसते पडू दिलेले खाते दोन वर्षांनी निष्क्रिय ठरते, आणि तोवर किमान शिल्लक नसल्याचे शुल्क चढत राहते. उरलेली चेकची पाने फाडून किंवा रद्द करून परत करावीत, त्यांचे क्रमांक अर्जातच लिहावेत, आणि अर्जाच्या प्रतीवर शाखेचा शिक्का व तारीख घ्यावी. त्याआधी सर्व वर्षांचे उतारे उतरवून छापून ठेवावेत, कारण खाते बंद होताच नेट बँकिंगही बंद होते. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावे लागतात. बंद करण्याचा अर्ज शाखेने दाबून ठेवला किंवा नको ते शुल्क कापले, तर आधी बँकेकडेच लेखी तक्रार द्यावी. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य जाता येते. त्या वेळी हातात शिक्का मारलेली प्रत असावी लागते.