काळ्याखालचे रंग



सुट्टीत आमची पाच वर्षांची भाची आमच्याकडे आली होती. तिला मेणखडूंचे खरवडचित्र शिकवावे, असे आम्ही ठरवले. जाड कागदावर पिवळा, लाल, निळा असे खडू दाबून घासायचे. पांढरा कागद कुठेही दिसता कामा नये. मूल दमते, तेव्हा थोडी मदत करावी. मग वरून काळा पोस्टर रंग द्यायचा.

इथेच आमची फजिती झाली. मेणावर पाण्यातला रंग ठरेना, थेंब थेंब होऊन पळू लागला. त्यात भांडी घासायच्या पातळ साबणाचे दोन थेंब घातले, तेव्हा तो पसरला. पण भाची रडू लागली. "फादरमामा, तुम्ही माझे रंग घालवले!" ते खालीच आहेत, असे आम्ही परोपरीने सांगितले. सेमिनरीत तत्त्वज्ञानाची पदवी घेतली खरी, पण तिला काही ते पटवता आले नाही.

रंग पुरता वाळू द्यावा, नाहीतर नुसता चिखल होतो. मग तिच्या हाती आईस्क्रीमची काडी दिली (दातकोरणी लहानग्यांना नको). पहिल्याच रेघेतून पिवळा चमकला आणि रडे थांबले.

गोवा-कोकणातल्या जुन्या भिंतींवरची कावी कलाही याच रीतीची. तिथे तांबडा थर खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करतात. त्यात नक्षी असते, म्हणून आम्हीही "मासा काढ" असे सुचवले. तिने ऐकले नाही. अर्धा तास खपून तिने सगळा काळा रंग खरवडून काढला, "पिवळा आहे, लाल आहे, निळा आहे," असे मोजत.