पगारवाढ मिळूनही एसटीचा संप का लांबला?

प्रश्न : २०२१ मध्ये पगारवाढ जाहीर होऊनही एसटी कर्मचारी महामंडळाच्या राज्य सरकारमधील विलीनीकरणावर का अडून राहिले?

उत्तर : एसटी महामंडळ १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखाली चालते, त्यामुळे चालक-वाहक राज्य सरकारी कर्मचारी ठरत नाहीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये मूळ वेतनात सेवेनुसार २,५०० ते ५,००० रुपयांची वाढ जाहीर झाली. पण खरे दुखणे वेळेवर न होणाऱ्या पगाराचे होते. पगार तिकिटांच्या उत्पन्नावर, आणि कोरोनाच्या टाळेबंदीत गाड्या आगारातच उभ्या. विलीनीकरण म्हणजे कर्मचाऱ्यांच्या लेखी पगाराची हमी. पण या मागणीचा विचार करणाऱ्या त्रिसदस्यीय समितीने विलीनीकरण अमान्य केले. एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कर्मचारी कामावर परतले. माझ्या मते, गावोगावच्या शाळकरी मुलांना आणि आजाऱ्यांना सुखरूप पोहोचवणाऱ्याचा पगार तिकीटविक्रीच्या भरवशावर ठेवू नये.