आधी तीन दिवस
(शास्त्रपाठ : नहेम्या 2:11-18 व अध्याय 3)



नवापूरजवळच्या पाड्यावर प्रार्थनागृह बांधायला आम्ही शहरातून गेलो. पहिल्याच सकाळी मी थापी उचलली. दुपारी तिथल्या मावची गवंडीदादांनी ओळंबा सोडून पाहिला आणि काही न बोलता माझे दोन थर उतरवले. विटा मात्र जपून रचून ठेवल्या.

नहेम्या परदेशातून, शूशनहून आला होता. तरी यरुशलेमेत तो तीन दिवस थांबला, रात्री पडका तट फिरून पाहिला, मगच लोकांना ‘चला, बांधू’ म्हणाला. तिसऱ्या अध्यायात सोनार, अत्तर करणारे, शल्लूमाच्या मुलीसुद्धा बांधताना दिसतात. कित्येक जण आपापल्या घरासमोर. तकोवाच्या सरदारांनी तेवढी मान वाकवली नाही. आपल्या नहेम्याने स्वतः किती हात तट बांधला, हे त्या यादीत नाही.

मग मी माल कालवला, घमेली वाहिली. चौथ्या दिवशी दादांनी थापी पुन्हा माझ्या हाती दिली.