डार्सीचं पत्र पुन्हा वाचताना

१. एखाद्याबद्दलचं पहिलं मत आपण त्याच्याकडे बघून कमी आणि त्यानं आपल्याला कसं वागवलं यावरून जास्त बनवतो. जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' वाचताना हे मला दर खेपेला नव्यानं टोचतं. मेरिटनच्या नाचाच्या वेळी डार्सी नायिका एलिझाबेथच्या रूपाला नावं ठेवतो, तेही तिच्या कानावर पडेल इतक्या अंतरावरून. वर्षाला १०,००० पौंड उत्पन्नाचं स्थळ तिच्या मनातून तिथेच उतरतं. पुढे विकम भेटतो. देखणा, गोडबोल्या, तिला मान देणारा. तो डार्सीची गाऱ्हाणी सांगतो आणि तिला ती लगेच पटतात. एक मत दुखावल्या मनानं बनलं, दुसरं सुखावल्या मनानं. इतकी हुशार मुलगी दोन्हीकडे फसते, याचं मला फार वाईट वाटतं, कारण तिच्या जागी कोणीही फसलं असतं.

२. मन वळायला नवी माहितीच लागते असं नाही. एलिझाबेथ डार्सीची लग्नाची मागणी धुडकावते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो विकमच्या आरोपांना उत्तर देणारं पत्र तिच्या हाती ठेवून निघून जातो. दोन ताव बारीक अक्षरांत गच्च भरलेले, वर गुंडाळलेला कागदही लिहून भरलेला. ती घाईघाईनं वाचते, सगळं खोटं म्हणून घडी घालते, पुन्हा बघायचं नाही असं ठरवते आणि अर्ध्या मिनिटात घडी उलगडते. आता ओळ न् ओळ तोलून वाचते. विकमनं पहिल्या ओळखीतच परक्या मुलीला इतकं खासगी का सांगितलं? डार्सीला तोंड द्यायला भीत नाही म्हणणारा नेदरफील्डच्या नाचाला आलाच का नाही? डार्सी मंडळी गावातून गेल्यावरच त्याची कहाणी गावभर कशी झाली? हे सगळं तिला आधीच ठाऊक होतं. पत्रानं तिला फक्त ते एका ओळीत मांडायला लावलं. प्रेमकथेतला सर्वांत मोठा प्रसंग म्हणजे एकटीनं केलेलं वाचन, हे धाडस मला थक्क करतं.

३. माणसाची खरी साक्ष त्याच्या घरात मिळते. डार्सीच्या पेंबर्ली या घराची कारभारीण मिसेस रेनल्ड्स त्याला तो चार वर्षांचा असल्यापासून ओळखते आणि सांगते की आजवर त्यानं तिला कधी वाकडा शब्द ऐकवला नाही. स्थळाची चौकशी करावी तर अशा ठिकाणी.

४. बदल एकटीचा नसतो. पहिल्या मागणीच्या वेळी तिच्या घरच्यांचा कमीपणा मोजून दाखवणारा डार्सी पुढे विकमबरोबर पळून गेलेल्या तिच्याच बहिणीसाठी लंडनभर फिरतो, विकमचं कर्ज फेडतो आणि आपलं नाव बाहेर येऊ नये असं बजावतो. मला तो इथे आवडू लागतो, राजवाड्यासारख्या घरापाशी नव्हे.

५. मत बदलेपर्यंत थांबायची चैन सगळ्यांना परवडत नाही. एलिझाबेथची मैत्रीण शार्लट २७ वर्षांची. हाती पैसा नाही, रूप बेताचं. ती कॉलिन्ससारख्या पोकळ माणसाला होकार देते आणि स्वतःचं घर मिळवते. मी तिला नावं ठेवू शकत नाही. खुद्द ऑस्टिननं डिसेंबर १८०२ मध्ये हॅरिस बिग-विदर या जमीनदाराच्या मुलाला संध्याकाळी होकार दिला आणि सकाळ होताच तो मागे घेतला. तिला २७ पूर्ण व्हायला दोन आठवडे होते. त्या होकारानं तिची, आईची आणि बहिणीची सोय कायमची लागली असती. तिनं ती नाकारली. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' १८१३ मध्ये प्रसिद्ध झाली, मुखपृष्ठावर तिच्या नावाविना. हस्तलिखिताचे हक्क ११० पौंडांना गेले. तिला १५० हवे होते.