हिवाळ्यात गुरांचे पाणी
(द्वितीय वर्ष, कला)

उन्हाळ्यात विहिरी आटतात, म्हणून शेतकरी गुरांच्या पाण्याविषयी जागा असतो. हिवाळ्यात पाणी मुबलक असते, म्हणून तो निश्चिंत राहतो. ही निश्चिंती कितपत रास्त आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम अतिथंड प्रदेशाकडे पाहू. लडाखसारख्या भागात हिवाळ्यात गुरांचे पाणी गोठते व पशुपालकांना बर्फ फोडून जनावरांना पाणी पाजावे लागते. पाणी 4 अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. त्याहून थंड झालेले पाणी हलके होऊन वर राहते. त्यामुळे बर्फ प्रथम पृष्ठभागावर धरतो. म्हणून थंड देशांतील गोपालक हौदाचे तोंड लहान ठेवतात, त्यावर झाकण टाकतात, पाणी हलते ठेवतात आणि नळ जमिनीत खोल पुरतात. काही ठिकाणी विजेवर पाणी कोमट ठेवतात.

आपल्याकडे अशी वेळ येत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात काही वर्षी दवबिंदू गोठतात, तेवढेच. पुण्याचे नोंदलेले सर्वांत कमी तापमान 17 जानेवारी 1935 रोजीचे, 1.7 अंश आहे. मग चाकण-चिंचवडच्या शेतकऱ्याने काळजी का करावी? याचे उत्तर असे, की पाणी गोठले नाही तरी गार पाणी जनावर पोटभर पीत नाही, आणि नुकसान तेथूनच सुरू होते.

गाईच्या दुधात 100 भागांत सुमारे 87 भाग पाणी असते. दुभती गाय दिवसाला 40 ते 60 लिटर पाणी सहज पिते. पाणी कमी प्याले की ती वैरणही कमी खाते, कोरडा कडबा नीट पचत नाही आणि दूध घटते. शिवाय पोटात गेलेले पाणी शरीराच्या उष्णतेनेच तापवावे लागते. 40 लिटर पाणी 10 अंशांपासून 39 अंशांपर्यंत नेण्यास 40 गुणिले 29, म्हणजे 1160 किलोकॅलरी उष्णता लागते. पचनक्रियेत काही उष्णता आपोआप तयार होते हे खरे. परंतु अशक्त, आजारी व नुकत्याच व्यालेल्या जनावराला हा भार जाणवतो. आमच्या घरातून कॉलेजात येणारी मी पहिलीच. माझी फी दुधाच्या पैशांतून भरली जाते. त्यामुळे लिटरभर दूध घटणे म्हणजे काय, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

पूर्वी हा प्रश्न एवढा जाणवत नसे. जमिनीच्या पोटातील तापमान वर्षभर जवळपास सारखे राहते. म्हणून थंडीत पहाटे विहिरीचे पाणी कोमट लागते आणि त्यातून वाफा निघताना दिसतात. मोटेचे पाणी थेट दगडी डोणीत पडे व गुरे ते तेथेच पीत. पुढे काळ बदलला. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, 1962 मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, 1982 मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. पुढे कारखाने चाकणपर्यंत पोहोचले. शेते गेली, त्यांबरोबर कित्येक विहिरीही बुजल्या. पवना आणि इंद्रायणी या नद्यांत सांडपाणी मिसळते. आळंदीला इंद्रायणीवर फेस आल्याच्या बातम्या वारंवार येतात. अशा पाण्यावर गुरे कशी न्यावीत? मग उरते ती प्लॅस्टिकची टाकी किंवा सिमेंटचा हौद. निरभ्र आकाशाखाली उघड्या टाकीतील पाणी रात्रभर उष्णता गमावते आणि सकाळी धार काढल्यावर तेच गार पाणी गाईपुढे येते.

यावरचे उपाय मात्र खर्चाचे नाहीत.

1. हौद रात्री भरून ठेवू नये. सकाळी विहिरीचे वा बोअरचे ताजे पाणी पाजण्याच्या वेळीच भरावे.

2. नळाचे पाणी साठवावेच लागत असेल तर टाकीला गोणपाट गुंडाळावे, वर झाकण ठेवावे व आडोसा करावा.

3. हौद गोठ्याच्या दक्षिणेस, उन्हाच्या जागी असावा. मुख्य पाणी ऊन चढल्यावर आणि दुपारी चारच्या सुमारास पाजावे.

4. उघडा नळ हात-दीड हात जमिनीत पुरावा.

5. व्यालेल्या गाई-म्हशीला व लहान वासराला कोमट पाणी द्यावे.

6. हौद वरचेवर घासावा. शेवाळलेले पाणी जनावर हुंगून सोडून देते.

चाकणच्या शनिवारच्या बाजारात जनावर घेताना आपण त्याचे दात, कास आणि चाल पाहतो. घरी आणल्यावर ते किती पाणी पिते, हेही तितक्याच बारकाईने पाहिले पाहिजे. कारखान्यांच्या या पट्ट्यात ज्यांच्याकडे आज दोन-चार गुरे उरली आहेत, त्यांना महागडी यंत्रे परवडणार नाहीत. एक झाकण, दोन गोणपाटे आणि पाणी भरण्याची बदललेली वेळ एवढे मात्र प्रत्येकाच्या हातात आहे. या हिवाळ्यापासून त्याचा अवलंब व्हावा, एवढीच अपेक्षा.