कंदाल : पुराला वाट करून देणारा प्रांत

कंबोडियाचा नकाशा समोर पसरून त्यात प्नॉम पेन ही राजधानी शोधावी, म्हणजे तिच्याभोवती कड्यासारखा पसरलेला एक प्रांत दृष्टीस पडतो. त्याचे नाव कंदाल. ख्मेर भाषेत या शब्दाचा अर्थ ‘मधला’ असा होतो. प्रांताला तेथे ‘खेत’ म्हणतात. हे आपल्या ‘क्षेत्र’ शब्दाचेच रूप होय. खेडे म्हणजे ‘फूम’, अर्थात भूमी. शिक्षक तो ‘क्रू’, अर्थात गुरू. आणि विद्यार्थी जेथे शिकतात ती ‘साला’. पाचव्या शतकापासूनचे संस्कृत शिलालेख ज्या देशात सापडतात, तेथे असे शब्द कानी पडले तर नवल नाही. मात्र एवढ्या ओळखीवर विसंबून हा मुलूख आपल्यासारखाच असेल, असे मानणारा प्रवासी लवकरच चकित होतो. पुराविषयीची आपली कल्पना तेथे उलटीपालटी होते.

राजधानीच्या घाटावर उभे राहिले की तीन नद्यांचे पाणी एकत्र दिसते. उत्तरेकडून मेकाँग येते, वायव्येकडून तोन्ले साप येते, आणि संगमानंतर प्रवाह पुन्हा दुभंगून मेकाँग व बासाक या दोन वाटांनी समुद्राकडे जातो. या चार मुखांमुळे संगमाला ‘चाकतोमुक’, म्हणजे चतुर्मुख, असे नाव पडले. यांतील तोन्ले साप ही मोठी विलक्षण नदी आहे. उन्हाळ्यात ती आपल्या उगमाशी असलेल्या विस्तीर्ण सरोवराचे पाणी मेकाँगला आणून देते. पण जूनच्या सुमारास मेकाँग पावसाने फुगली की तिचे पाणी या नदीत शिरते आणि नदी चक्क उलटी वाहू लागते. सुमारे १२० किलोमीटर मागे जाऊन ते पाणी सरोवरात भरते. उन्हाळ्यात अडीच हजार चौरस किलोमीटरांच्या आसपास असणारे ते सरोवर पावसाळ्याअखेर बारा हजारांच्या वर पसरते. पाऊस ओसरला की नदी पुन्हा सुलटी होते. पावसाळ्यात पाणी पोटात घेऊन उन्हाळ्यात ते हळूहळू सोडणारा असा नैसर्गिक तलाव नसता, तर खालचा सारा मुलूख एकदा बुडाला आणि एकदा वाळला असता.

राजधानीतून दक्षिणेस बासाकच्या काठाने सुमारे ११ किलोमीटर गेले की ता ख्माव हे कंदालचे मुख्य शहर लागते. तेथून पुढे तोच रस्ता साआंग आणि को थोम या भागांकडे जातो. डाव्या हातास नदी असते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना आंबराया, केळी, भाजीचे वाफे आणि उंच खांबांवर उभारलेली लाकडी घरे दिसतात. घराखालच्या सावलीत झोळी टांगलेली असते, गाय बांधलेली असते, क्वचित मागही असतो. पुरुषांच्या खांद्यावर वा डोक्याला चौकडीचे ‘क्रामा’ नावाचे वस्त्र असते. आपल्याकडील पंचाची ज्यांना आठवण आहे त्यांना त्याचे उपयोग सांगावयास नकोत.

येथे भूगोलाची एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. नदीकाठची जमीन सर्वांत सखल असेल अशी आपली समजूत असते. येथे प्रकार उलट आहे. पुराचे पाणी काठावरून बाहेर पडते तेव्हा त्याचा वेग एकदम मंदावतो आणि जड गाळ तेथेच, काठाशी, बसतो. वर्षानुवर्षे असे होऊन काठ उंचावतो, आणि नदीपासून दूर जावे तसतशी जमीन उतरत जाऊन शेवटी पाणथळ सखल भागात मिळते. काठावरच्या उंच बागाईत जमिनीला ‘चामकार’ म्हणतात, मागच्या पाणथळ तळ्याला ‘बेंग’. चामकारावर फळे, मका, भाज्या. बेंगाकडच्या उतारावर भात.

मग नदीचे पाणी त्या भातापर्यंत न्यावयाचे कसे? कंदालच्या लोकांनी यासाठी उंच काठच कापला. नदीशी काटकोन करून त्यांनी काठातून कालवे खणले आणि ते थेट मागच्या बेंगापर्यंत नेले. अशा कालव्याला ‘प्रेक’ म्हणतात. रस्त्यावरून जाताना थोड्याथोड्या अंतराने लहान पूल लागतात, त्यांच्याखाली प्रेक असतो. कित्येक गावांची नावेच ‘प्रेक’ने आरंभ होतात. फ्रेंच अंमलाच्या काळात (१८६३ ते १९५३) असे कालवे मोठ्या प्रमाणावर खणले गेले.

प्रेकाचे काम पाहण्यासारखे आहे. नदी चढू लागली की तिचे तांबूस, गढूळ पाणी काठ ओलांडण्याच्या कितीतरी आधी प्रेकातून मागे शिरते. ते एकाएकी कोसळत नाही, पायापायाने येते. वाटेत प्रेकाच्या दोन्ही बाजूंस गाळ बसवीत जाते, त्यामुळे दरवर्षी नवी सुपीक माती मिळते आणि त्या बाजू हळूहळू उंचावून तेथेही बागा व वस्ती होते. पाण्याबरोबर मासे येतात आणि बुडालेल्या शेतात व झुडपांत त्यांची पिले वाढतात. पाणी उतरू लागले की तेच प्रेक त्याला परतीची वाट देतात, आणि बेंगात उरलेल्या पाण्यावर उन्हाळी भात निघते. अशा रीतीने खत, पाणी व मासे यांचा पुरवठा एकाच चरातून होतो. पुराला बांध घालून बाहेर ठेवण्याची विद्या जगात पुष्कळांना ठाऊक आहे. त्याला घरात बोलावून जेवू घालण्याची व त्याच्याकडून जेवण मिळविण्याची ही विद्या विरळा, आणि मला ती अधिक शहाणपणाची वाटते.

पाणी परत फिरले की माशांचा हंगाम येतो. तोन्ले साप नदीच्या खालच्या भागात, कंदाल व राजधानीच्या हद्दीत, नदीच्या आडव्या ओळीत शंकूसारखी प्रचंड जाळी बांधतात. त्यांना ‘दाय’ म्हणतात. सरोवरातून बाहेर पडणारे ‘रियल’ नावाचे लहान, चंदेरी मासे डिसेंबर-जानेवारीत, पौर्णिमेच्या आधीच्या दिवसांत, थव्याथव्यांनी या जाळ्यांत येतात. कंबोडियाच्या नाण्याचे नावही रियल आहे, आणि ते या माशावरून पडले असे लोक सांगतात. दूरदूरचे शेतकरी नदीकाठी येऊन मासे घेतात, त्यांची डोकी काढून, तुडवून, मीठ घालून ‘प्रहोक’ मुरवितात. हे प्रहोक वर्षभर पुरते. त्याचा वास नवख्याला सोसत नाही, हे कबूल केले पाहिजे.

नदी सुलटी होण्याच्या सुमारास ‘कादक’ महिन्याच्या पौर्णिमेला मोठा जलोत्सव होतो. कादक म्हणजे आपला कार्तिक. म्हणजे आपण त्रिपुरी पौर्णिमेला दीपमाळ लावतो, त्याच चंद्राखाली तेथे संगमावर होड्यांच्या शर्यती होतात, दिव्यांनी सजविलेल्या नौका फिरतात आणि चंद्राला वंदन करून लोक ‘अंबोक’ खातात. नव्या भाताचे साळ भाजून, कांडून, चपटे केलेले हे अंबोक म्हणजे सरळसरळ पोहे! ते केळ्याबरोबर व नारळाच्या पाण्याबरोबर खातात.

या प्रांताने दुर्दिनही पाहिले. १९७० साली यादवी सुरू झाली. १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज या सत्तेने राजधानीतील यच्चयावत लोकांना बाहेर हाकलले, तेव्हा कंदालच्या याच रस्त्यांवरून आजारी माणसे व लेकुरवाळ्या बाया पायी चालत गेल्या. १९७९ पर्यंत त्या राजवटीत देशातील दहा लाखांहून कितीतरी अधिक माणसे मेली. युद्धाच्या वर्षांत प्रेकांची निगाही सुटली. पुष्कळ गाळाने बुजले. अलीकडे त्यांतील काही पुन्हा खणले जात आहेत व त्यांच्या तोंडाशी दारे बसविली जात आहेत.

परंतु आता प्रश्न प्रेकाचा नसून खुद्द नदीचा झाला आहे. वरच्या अंगास चीनमध्ये व लाओसमध्ये मेकाँगवर मोठी धरणे झाली. चीनमधील श्याओवान २०१० च्या सुमारास, लाओसमधील सायाबुरी २०१९ साली पुरे झाले. धरणाच्या मागे पाण्याबरोबर गाळही अडतो. दुसरीकडे, राजधानी वाढत आहे. तिच्या आजूबाजूची तळी बुजवून त्यांवर इमारती उठत आहेत. शहरातील बेंग काक हे मोठे तळे २००८ पासून वाळूने भरून टाकण्यात आले. ही वाळू नदीच्या तळातून उपसतात. तळ खोल गेला की तेवढेच पाणी पूर्वीपेक्षा खालच्या पातळीवर वाहते, आणि प्रेकाच्या तोंडापर्यंत ते चढतच नाही. २०१९ व २०२० या वर्षी तर पाऊसही उशिरा व अपुरा झाला. तोन्ले साप उशिरा उलटली, आणि सरोवरात फार थोडे पाणी गेले. दायवाल्यांच्या जाळ्यांत मासेही कमी आले.

नवी बांधकामे प्रांतात येतच आहेत. राजधानीचा नवा विमानतळ २०२५ साली कंदालच्या दक्षिण भागात सुरू झाला, आणि मेकाँगपासून समुद्रापर्यंत १८० किलोमीटरांचा नवा कालवा खणण्याचा आरंभ ऑगस्ट २०२४ मध्ये झाला. गावातील कित्येक तरुण मुली सकाळी मालमोटारीत दाटीने उभ्या राहून कपड्यांच्या कारखान्यांत जातात. त्यांच्या पगारावर घर चालते, आणि प्रेकाकडे पाहावयास म्हातारी माणसे राहतात.

नदी पुरेशी न चढल्यास शेतकरी प्रेकाच्या तोंडाशी तेलावर चालणारा पंप बसवितो आणि पाणी उचलून आत घेतो. भात हिरवे राहते. मात्र पूर जो गाळ फुकट आणून टाकीत असे तो त्या नळीतून फारसा येत नाही. म्हणून बाजारातून खताची पोती आणावी लागतात, आणि हंगामाच्या हिशेबात तेल व खत अशा दोन नव्या रकमा मांडाव्या लागतात.