एक गाडी जाऊ दे

अगं, मैत्रिणीकडे जायची तुझी यादी वाचली. सकाळी साडेनऊला हायडेलबर्ग, दहाला किल्ला, मग ते तळघरातलं अवाढव्य पिंप, जुना पूल, विद्यार्थ्यांचा तुरुंग, दुपारी फिलॉसॉफनवेग, पाचला खरेदी आणि सहाची परतीची गाडी. आईला फोनवर वाचून दाखवलीस म्हणे. आई खूश आहे, पोरगी सगळं नीट आखून करते म्हणून. मला मात्र रात्री झोप लागली नाही. अशीच यादी घेऊन मीही एकदा गेले होते, तुझ्याच त्या श्टुटगार्टहून, त्याच गावाला. तेव्हा काय झालं ते घरात कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगते.

माझी ती पालची मैत्रीण आठवते ना? इंजिनिअरिंगला विद्यानगरच्या हॉस्टेलवर होती, रविवारी कृष्णेचा पूल ओलांडून कराडात आपल्याकडे यायची. तू लहान होतीस, पण आई तिचं काय करायची ते आठवून बघ. आल्या आल्या न्हाणीत गरम पाणी. मग डोक्याला तेल. मग जेवण, आणि जेवल्यावर ती जी आडवी व्हायची ती चारपर्यंत. आई कुणाला टीव्हीसुद्धा लावू द्यायची नाही. संध्याकाळी सगळ्या मिळून प्रीतिसंगमावर, भेळ खायची, यशवंतरावांच्या समाधीपाशी बसायचं, दिवे लागले की परत. आगाशिवची लेणी तिने चार वर्षांत एकदाही पाहिली नाहीत आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही. आठवडाभर ती कुणाची तरी विद्यार्थिनी असायची, कुणाची तरी रूममेट असायची. आपल्याकडे एक दिवस तिला माहेरपण मिळायचं.

पुढे ती संशोधनाला हायडेलबर्गला गेली आणि मी नोकरीला श्टुटगार्टला. पहिल्यांदा तिच्याकडे गेले तेव्हा मी अख्खा दिवस तिला पळवलं. केबलच्या रेल्वेने किल्ल्यावर गेलो. सतराव्या शतकाच्या शेवटी फ्रेंच फौजांनी दोनदा फोडलेला किल्ला आहे तो, लाल दगडाचा, अर्धा पडका, आणि पडका असूनही डोळ्यांत मावत नाही. ते १७५१ सालचं पिंप पाहिलं, त्यात दोन लाख लिटरहून जास्त दारू मावायची. ज्या कोठडीत दंगेखोर विद्यार्थ्यांना १९१४ पर्यंत डांबत आणि जिच्या भिंती त्यांनी चित्रांनी भरून टाकल्या, तीही पाहिली. १३८६ साली स्थापन झालेलं विद्यापीठ, जर्मनीतलं सगळ्यात जुनं. पाहण्यासारखं खूप आहे, मी नाही म्हणत नाही. ती माझ्यामागून गप्प चालत होती. मी फोटो काढत होते आणि मला वाटत होतं, किती छान दिवस चाललाय.

संध्याकाळी जुन्या पुलावर आलो. खाली नेकार नदी. ती कठड्याला टेकून पाण्याकडे बघत म्हणाली, "आजी गेली गं. गेल्या महिन्यात. मला जाता आलं नाही. प्रीतिसंगमावर अस्थी सोडल्या, दादाने व्हिडिओ कॉल केला होता, पण मधेच रेंज गेली."

मी घड्याळ पाहिलं. हे तुला सांगायला मला आजही जड जातंय. स्वस्तात मिळालं म्हणून मी त्या एकाच गाडीला बांधलेलं तिकीट काढलं होतं. ती गाडी चुकली तर ते दुसऱ्या गाडीत चालत नाही, आणि गाडीला पंचवीस मिनिटं उरली होती. मी तिला मिठी मारली, "फोन करते" म्हणाले आणि ट्राम पकडायला धावले. दिवसभर आम्ही बरोबर होतो. तिला बोलायला जागा सापडली ती शेवटच्या पंचवीस मिनिटांत, आणि तीही मी दिली नाही.

म्हणून म्हणते, तू पाहुणी म्हणून जाऊ नकोस. तिथे गेल्यापासून तुझ्या मैत्रिणीला तिचं घर ओळखणारं, तिच्या आईला काकू म्हणणारं कुणी भेटलेलं नाही. तू तिच्या माहेरचं माणूस आहेस. माहेरचं माणूस येतं तेव्हा बाईला गाव दाखवायचं नसतं, तिला बसायचं असतं.

आता नीट ऐक. तिकीट गाडीला बांधलेलं काढू नकोस. तुझ्याकडे ते महिन्याचं डॉइचलांड टिकिट आहेच, २०२३ च्या मेमध्ये ४९ यूरोंत सुरू झालं ते. माझ्या वेळी नव्हतं. त्यावर वेगवान गाड्या चालत नाहीत, साध्या प्रादेशिक गाड्या चालतात, पण त्यातली कुठलीही, केव्हाही. दीडेक तास लागेल, कराडहून कोल्हापूरला जायला लागतो तेवढाच. परतीची वेळ तिला आधी सांगूच नकोस.

रविवारी जाणार असशील तर दूध, ब्रेड, कांदे-बटाटे शनिवारीच घेऊन ठेव. रविवारी तिथली दुकानं बंद, हे तुला एव्हाना कळलंच असेल. रिकाम्या हाताने जाऊन तिच्या स्कॉलरशिपवर जेवू नकोस. बाहेर खाल्लंत तर बिल एकत्र की वेगळं हे वेटर विचारतो, तेव्हा आधी तू बोल. घरून येणाऱ्या पार्सलमधला कांदा-लसूण मसाला तिच्यासाठी काढून ठेव, दोन पिशव्यांत घट्ट बांधून, नाहीतर अख्ख्या डब्याला वास. कंदी पेढे मात्र मागवू नकोस. दुधामांसाचे पदार्थ युरोपीय संघाच्या बाहेरून आणू देत नाहीत, उगाच आईचा जीव त्यात अडकतो.

तिचं स्वयंपाकघर चार-पाच जणांत मिळून असेल. पिठलं करायचं तर खिडकी आधी उघड, मग फोडणी. भांडी तू घास, तिला घासू देऊ नकोस. आणि पिठल्याचा घास तोंडात घातल्यावर ती गप्प झाली तर तूही गप्प बस. लगेच "काय झालं" म्हणून विचारू नकोस.

जेवून ती झोपली तर झोपू दे. खरंच. मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा माझी मैत्रीण दोन तास झोपली आणि मी तिच्या खुर्चीत बसून तिच्या खिडकीतलं झाड पाहिलं. त्या दोन तासांइतकं समाधान मला त्या किल्ल्याने दिलं नव्हतं.

संध्याकाळी नेकारच्या काठी हिरवळीवर जा. नेकारवीज म्हणतात तिला, नदीच्या उत्तर काठाला, नॉयएनहाइमच्या बाजूला. तिकीट नाही, रांग नाही. पोरंपोरी गवतात पडलेली असतात, कुणी वाचतंय, कुणी वल्ह्यांच्या नावा बघतंय. आपल्या घाटासारखंच. फरक एवढाच की आपल्याकडे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन एकमेकींना भिडतात, आणि ती नदी एकटीच वाहत जाते. माझी मैत्रीण तिथे बसून आजीबद्दल बोलली, म्हणजे बोलतच राहिली. पौषात पालला तारळी नदीकाठी खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं तेव्हा आजी तिला कडेवर घेऊन जायची, भंडाऱ्याने दोघी पिवळ्या व्हायच्या, मग आठवडाभर कानामागचा पिवळेपणा जायचा नाही. मी त्या खेपेला सुट्टीहून परतताना पालचा भंडारा पुडीत बांधून नेला होता. तिने तो कपाळाला लावला आणि उरलेला मसाल्याच्या डब्यातल्या हळदीशेजारच्या वाटीत ठेवला.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली. कामाच्या दिवशी जाणार असशील आणि मैत्रीण म्हणाली तर तिथल्या साउथ एशिया इन्स्टिट्यूटचं ग्रंथालय बघ. १९६२ ची संस्था आहे. गुंथर सोन्थायमर तिथे शिकवत. उल्म गावचा हा माणूस धनगरांबरोबर आपल्या माळांवरून हिंडला, त्यांच्या ओव्या ऐकल्या, आणि १९७६ साली त्याने बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबावर जर्मनमध्ये ग्रंथ लिहिला. १९९२ साली तो गेला. आम्ही गेलो तेव्हा मैत्रिणीने त्या पुस्तकाच्या पाठीवर बोट ठेवलं. रोमन अक्षरांत खंडोबा. ती इंजिनिअरिंग शिकलेली, आयुष्यात कधी त्या कपाटांकडे गेली नव्हती. पाच मिनिटं ती बोट न उचलता उभी होती. "आजीला सांगितलं असतं," एवढंच म्हणाली. ही जागा माझ्या यादीत नव्हती. पहिल्या खेपेला आम्ही तिथून फार लांब नव्हतो, आणि मी तिला किल्ल्याकडे ओढून नेलं होतं.

तुझ्या मैत्रिणीचं असं काही असेल किंवा नसेल. कदाचित तिला नुसतं हसायचं असेल, कॉलेजातल्या कुणाकुणाच्या गमती काढायच्या असतील, किंवा तिला स्वतःलाच किल्ला दाखवायची हौस असेल. मग खुशाल चढ, पिंपही बघ. पण तिला म्हणू दे.

त्या दुसऱ्या खेपेला मी सव्वासातची गाडी ठरवली होती. हिरवळीवरून स्टेशनला पोचलो तेव्हा साडेसात झाले होते. पुढची आठनंतर होती. आम्ही फलाटावरच्या बाकावर बसलो, तिच्याकडचे शेंगदाण्याचे लाडू खाल्ले. ती गाडी आली तेव्हा ती आजीच्या नथीची गोष्ट सांगत होती, ती कुणाला द्यायची यावरून घरात काय झालं ते. दारं उघडली, माणसं चढली, दारं मिटली. तिने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी म्हटलं, "हं, मग? काकू काय म्हणाल्या?"